चर्चा: जुन्या कॉम्प्युटरवर थेट लिनक्स, की आधी विंडोजवरच लिब्रेऑफिस?

अडतपेठ (मूळ पोस्ट)
विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून सांगलीत जो तो दुकानदाराला "विंडोजच्या जागी लिनक्स ही सिस्टीम टाका, फुकट आहे" म्हणत सुटलाय. माझं मत उलटं आहे. मी मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांचे हिशेब बघतो. त्यांना हिशेबाला टॅली हे सॉफ्टवेअर लागतं, हिशेबपट्टी छापायला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर लागतो आणि बँकेची साइट उघडावी लागते. खाली कुठली सिस्टीम आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. आहे त्या विंडोजवरच लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं), फायरफॉक्स, व्हीएलसी हे लिनक्सवरही चालणारे मोफत प्रोग्राम वापरायला द्या. हात बसला की मग पुढचं बघू. थेट लिनक्स म्हणजे आधी कळस, मग पाया.

कृष्णाकाठ
अजिबात पटलं नाही. तुमच्या अडत्याचं मशीन सहाव्या-सातव्या पिढीचं असणार. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणजे तो रस्ता बंद. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी जादा सुरक्षा अपडेट आहेत, तेही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. त्यानंतर अपडेट नसलेल्या विंडोजवर बँकेची साइट उघडायची का? लिनक्स मिंट २२ या लिनक्सच्या प्रकाराला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. आणि लगेच टाकायला कोण सांगतंय? पेनड्राइव्हवरून चालू करा, हार्ड डिस्कला हात न लावता. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतोय का बघा, नाहीतर पेनड्राइव्ह काढून घ्या.

अडतपेठ
आणि टॅली?

कृष्णाकाठ
वाइनमधून (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) बऱ्याच जणांनी चालवलीय. नाहीतर ईआरपीनेक्स्ट हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे की, आपल्या मुंबईत तयार झालेलं, ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना खुला, जीएसटीची सोयही आहे.

अडतपेठ
३१ मार्चला वाइनमध्ये काय अडलं ते मी शोधत बसू, आणि ईआरपीनेक्स्टचा सर्व्हर अडत्याचा दिवाणजी सांभाळणार! साहेब, तुम्ही यार्डात एकदा या.

मिरज जंक्शन
"फुकट" या मुद्द्यावर कुणी भांडूच नका. कॉम्प्युटर जोडून देणारा विंडोज टाकूनच देतो, त्याचे वेगळे पैसे कितीजण देतात? गिऱ्हाइकाच्या लेखी दोन्ही फुकटच.

पत्रिकावाली
गणपती पेठेच्या बाजूला आमचं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, लेटरहेड, फ्लेक्स. तुमचं सगळं भांडण सिस्टीमवरून चाललंय, आमचं घोडं अडतं फॉन्टवर. आमच्या कित्येक वर्षांच्या फाइली जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. त्यात स्क्रीनवर "क" दिसतो, पण फाइलमध्ये साठवलेलं असतं भलतंच इंग्रजी अक्षर नाहीतर चिन्ह. फॉन्ट नसला की "चि. सौ. कां." च्या जागी कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांचा सडा. फॉन्ट लिनक्सवर टाकता येतो, जुना मजकूर दिसतोही. पण त्यात टाइप करून देणारा प्रोग्राम विंडोजचाच. पत्रिकेत एक नाव बदलायचं तरी हात बांधलेले.

इंकस्केप या डिझाइनच्या मोफत प्रोग्रामला मी नावं ठेवत नाही. मुक्ता, बालू हे फॉन्ट ओपन सोर्सच आहेत, जोडाक्षरं त्यात झकास बसतात. पण आम्ही डिझाइनला वापरतो त्या कोरलची फाइल इंकस्केपमध्ये उघडली की मजकूर जागचा हलतो. शिवाय इंकस्केपचं काम आरजीबीत (स्क्रीनचे रंग), आणि ऑफसेटवाला सीएमवायके (छपाईच्या शाईचे रंग) मागतो. त्यासाठी स्क्रायबस हा दुसरा मोफत प्रोग्राम आहे, ठाऊक आहे मला. सीझनमध्ये शिकायला वेळ कुणाला आहे?

तासगावचा पेंग्विन
ताई, मग हे दुखणं लिनक्सचं कुठं आहे? बंदिस्त फॉन्टचं आहे. उद्या विंडोजवर ते सॉफ्टवेअर बंद पडलं, तरी तुम्ही तिथंच अडकणार. नवं काम आजपासून युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला कोड) करा, जुनं युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढा. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्स चालवतायत, मल्याळम लिपी काय सोपी आहे? आणि तुमचं कोरल विकतचं आहे का, तेवढं सांगा.

पत्रिकावाली
विकतचंच आहे, बिल दुकानात लावलंय, येऊन बघा. केरळच्या शाळांनी ठरवलं तर खालच्या सगळ्यांना तेच शिकावं लागतं. माझ्याकडं गिऱ्हाईक येतं ते "थोरल्याच्या लग्नात केलेली तश्शीच पत्रिका करा, फक्त नावं बदला" म्हणत. कन्व्हर्टरनं ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर सरकते आणि रफार भलत्याच डोक्यावर बसतो. पत्रिकेत "सूर्यवंशी" चुकलं तर पाहुणे कन्व्हर्टरला विचारणार नाहीत, मला विचारतील.

कृष्णाकाठ
हे मात्र खरं. पण अडतपेठ, तुमच्या दिवाणजीला असल्या फॉन्टचं काय काम? त्याला मिंट चालेल.

अडतपेठ
टॅलीचं उत्तर अजून आलेलं नाही.

पत्रिकावाली
मी एवढं करते. दुकानात दुसरा कॉम्प्युटर आहे, त्यावर फक्त बायोडेटा आणि अर्ज टाइप होतात. ते काम आजपासून युनिकोडमध्ये, लिब्रेऑफिसमध्ये. पेंग्विनभाऊ, त्याच्यावर मिंट टाकून द्यायला कधी येताय? प्रिंटर चालला नाही तर परत विंडोज तुम्हीच टाकून द्यायचं.

तासगावचा पेंग्विन
रविवारी येतो. प्रिंटरचं मॉडेल आधी कळवा.