'इंडक्शन'ला मराठीत काय म्हणावे : प्रवर्तन, प्रेरण की आणखी काही?

प्रश्न (डिचोली)

आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी तांब्याच्या तारेचे वेटोळे, पट्टीचुंबक आणि गॅल्व्हानोमीटर (अगदी थोडी विद्युतधाराही दाखवणारे उपकरण) घेऊन फॅरेडेचा प्रयोग मांडला आहे. विज्ञान इंग्रजीतून शिकत असल्यामुळे मुलांना प्रयोग कळलेला आहे. मात्र पाहायला येणारे पालक आणि आजी-आजोबा मराठी वाचणारे असल्याने फलक मराठीत हवा, आणि तिथेच घोडे अडले आहे. एका पुस्तकात 'विद्युतचुंबकीय प्रवर्तन' आहे, दुसऱ्यात 'विद्युतचुंबकीय प्रेरण', आणि मुलांनी स्वतः 'चुंबकापासून वीज' असे लिहून ठेवले आहे. यांपैकी काय ठेवावे? शिवाय 'वेटोळ्यात विद्युतधारा प्रवर्तित होते' हे वाक्य बरोबर आहे का?

उत्तर (म्हापसा, निवृत्त विज्ञान शिक्षक)

ताई, 'प्रवर्तन' ठेवावे असे माझे मत आहे; आणि मुलांचे 'चुंबकापासून वीज' हे वाक्य सोपे असले तरी फलकावरून काढावे, कारण ते नेमके तेच सांगते जे फॅरेडेला आढळले नाही. ऑर्स्टेडने १८२० मध्ये विद्युतधारेजवळ चुंबकसुई वळते हे दाखवल्यानंतर, उलट बाजूने चुंबकापासून विद्युतधारा मिळावी म्हणून अनेकांनी वर्षानुवर्षे खटपट केली, आणि त्यांतल्या बहुतेकांनी चुंबक तारेजवळ नुसता ठेवून वाट पाहिली. २९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरेडेने मऊ लोखंडाच्या कड्याच्या एका अर्ध्यावर एक आणि दुसऱ्या अर्ध्यावर दुसरे वेटोळे गुंडाळले, पहिले विद्युतघटाला जोडले आणि दुसऱ्याच्या तारेजवळ चुंबकसुई ठेवली. जोडणी करताच सुई हलली आणि परत जागेवर आली. धारा अखंड वाहत असताना ती स्वस्थ राहिली. आणि जोडणी तोडताच पुन्हा, पण उलट दिशेला, हलली. म्हणजे चुंबकत्व आहे एवढ्याने काही होत नाही, ते बदलत असावे लागते. त्याच वर्षीच्या १७ ऑक्टोबरला त्याने पोकळ वेटोळ्यात पट्टीचुंबक आतबाहेर करून हेच पाहिले, आणि तुमच्या मुलांनी मांडलेला प्रयोग तो हाच.

'प्रवर्तन' या शब्दात 'वृत्' धातू आहे, म्हणजे वळणे, फिरणे, चालू होणे. 'धर्मचक्र प्रवर्तन' किंवा 'संप्रदायाचा प्रवर्तक' म्हणताना आपण जो अर्थ घेतो, कोणीतरी चालना दिली आणि दुसरे काही चालू झाले, तोच येथे लागतो. इंग्रजी शब्द मात्र फॅरेडेने नव्याने घडवलेला नव्हता. विद्युतभारित वस्तू जवळ आणली की स्पर्श न होताही शेजारच्या वस्तूवर विरुद्ध भार दिसतो, या स्थिर विजेतील घटनेसाठी तो आधीपासून वापरात होता, आणि फॅरेडेने तो मुद्दाम पुढे चालवला. मराठीतही 'प्रवर्तन' दोन्हींकडे चालते, ही जमेची बाजू आहे. तर्कशास्त्रातील आणि गणितातील इंडक्शन मात्र वेगळे. त्याला मराठीत 'विगमन' म्हणतात आणि त्याचा येथे काही संबंध नाही.

उत्तर (मडगाव, अनुवादक)

सरांच्या इतिहासाबद्दल वाद नाही. पण 'प्रवर्तन' हा शब्द आज सामान्य वाचकाच्या कानावर पडतो तो हिंदी बातम्यांतून, आणि तिथे त्याचा अर्थ कायद्याची अंमलबजावणी असा असतो. उलट 'प्रेरण' ऐकताच कोणीतरी कोणाला प्रवृत्त करते आहे हे कळते, आणि हिंदी पाठ्यपुस्तकांतही तोच शब्द असल्यामुळे पुढे जाऊन मुलांना दोन शब्द शिकावे लागणार नाहीत.

उत्तर (म्हापसा)

'प्रेरण' हिंदीत शोभतो, मराठीत तो गोंधळ घालतो, आणि त्याचे कारण व्याकरणाचे नसून भौतिकीचे आहे. आपण आज 'बल' म्हणतो त्याला जुन्या मराठी शास्त्रीय लेखनात 'प्रेरणा' म्हणत. केंद्रोत्सारी प्रेरणा, गुरुत्वीय प्रेरणा हे शब्द ज्यांनी वाचले आहेत त्यांना ते आठवतील. विद्युतघट धारा ढकलतो त्या क्षमतेलाही त्यामुळे 'विद्युतचालक प्रेरणा' हे नाव मिळाले आणि ते अजून टिकून आहे. आता इंडक्शनला 'प्रेरण' म्हटले की 'प्रेरणाने निर्माण झालेली विद्युतचालक प्रेरणा प्रेरित धारा वाहवते' असे वाक्य लिहावे लागेल, आणि ते वाचून फलकासमोरचे आजोबा पुढच्या टेबलाकडे जातील.

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे, आणि माझ्या मते शब्दापेक्षा तेच महत्त्वाचे आहे. प्रवर्तित होते ती मुळात विद्युतचालक प्रेरणा. धारा नंतर वाहते, आणि तीही मंडल (सर्किट) पूर्ण असेल तरच. वेटोळ्याची दोन्ही टोके मोकळी ठेवून चुंबक आत सारला तरी टोकांमध्ये व्होल्टता उभी राहते, पण धारा वाहत नाही. व्होल्टता किती, हे चुंबकाच्या ताकदीवरून थेट ठरत नाही. वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय अभिवाह (म्हणजे त्यातून जाणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचे एकूण प्रमाण) किती वेगाने बदलतो आणि वेढे किती आहेत, यांवर ते ठरते. शंभर वेढ्यांच्या जागी दोनशे घेतले, तितक्याच झपाट्याने चुंबक सारला, तर व्होल्टता दुप्पट होईल. 'प्रवर्तित धारा' हा सोयीचा संक्षेप म्हणून चालेल, मात्र फलकावर एकदा तरी पूर्ण वाक्य असावे. काही जुन्या लेखनात 'अभिवाह' या अर्थी 'स्रोत' आढळतो; तो टाळावा, कारण आज 'चुंबकीय स्रोत' वाचून लोकांना चुंबकच डोळ्यांसमोर येईल.

उत्तर (फोंडा, मोटर रिवायंडिंगचा व्यवसाय)

शब्दांच्या वादात पडण्याचा माझा अधिकार नाही, पण 'बदल हवा' हा मुद्दा ज्या यंत्रात सर्वांत स्पष्ट दिसतो ते यंत्र आमच्याकडे कुळागरांतून (सुपारी-नारळाच्या बागांतून) रोज दुरुस्तीला येते, म्हणून लिहितो. थ्री-फेज पंपाच्या मोटरीवरची पाटी वाचा. बहुधा मिनिटाला २८८० फेरे असे लिहिलेले असते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दोन ध्रुवांच्या मोटरीत बाहेरच्या वायंडिंगचे चुंबकीय क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे घेते. मग रोटर, म्हणजे मोटरीचा आतला फिरणारा भाग, १२० फेऱ्यांनी मागे का? गिऱ्हाईक विचारते, मोटरीत दोष आहे का? दोष नाही. रोटरच्या ॲल्युमिनियमच्या दांड्यांना बाहेरून एकही तार जोडलेली नसते. त्यांच्यात जी धारा वाहते ती निव्वळ इंडक्शनने. रोटर क्षेत्राच्या बरोबरीने फिरू लागला, तर त्याच्या दृष्टीने क्षेत्र स्थिर झाले, बदल संपला, धारा संपली आणि फिरवणारा जोरही संपला. म्हणून त्याला थोडे मागे राहावेच लागते, आणि त्या फरकाला आम्ही 'स्लिप' म्हणतो. पाटीवरच्या वेगाला रोटरमधली धारा सेकंदाला केवळ दोन आवर्तने घेते. उलट पंपात कचरा अडकून रोटर जाम झाला, तर फरक पूर्ण ३००० चा होतो, रोटरमध्ये आणि त्यामुळे बाहेरच्या वायंडिंगमध्येही नेहमीच्या कित्येक पट धारा जाते, आणि धारा वाढताच वीज तोडणारा ओव्हरलोड रिले नसेल तर वार्निशचा वास येईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

'प्रवर्तन मोटर' कोणी म्हणणार नाही. फलकावर 'इंडक्शन मोटर' असेच लिहा. कुळागरातला गडीही तेच म्हणतो.

प्रश्न (डिचोली)

तिघांच्याही उत्तरांबद्दल आभारी आहे. लेन्झच्या नियमाचे वाक्य मुलांनी 'प्रवर्तित धारा चुंबकाला विरोध करते' असे केले आहे. ते राहू द्यावे का?

उत्तर (म्हापसा)

राहू देऊ नये, कारण ते निम्म्या वेळा खोटे ठरते. चुंबक वेटोळ्याजवळ आणताना वेटोळे त्याला दूर लोटते हे खरे. पण चुंबक बाहेर ओढताना तेच वेटोळे त्याला आत खेचू पाहते, म्हणजे तेव्हा ते चुंबकाला धरून ठेवते. लेन्झने १८३४ मध्ये मांडलेला विरोध चुंबकाला नाही, बदलाला आहे. 'ज्या बदलामुळे धारा प्रवर्तित होते, त्या बदलाला विरोध होईल अशीच तिची दिशा असते' असे लिहावे. वाक्य थोडे जड आहे, पण त्यात ऊर्जेचा हिशोब आहे. दिशा याच्या उलट असती, तर जरासा ढकललेला चुंबक आपणहून वेग घेत आत गेला असता आणि फुकटची वीज मिळत राहिली असती.

शक्य असेल तर जोडीला एक प्रयोग ठेवा. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून जाड भिंतीच्या तांब्याच्या नळीचा हातभर तुकडा घ्या आणि आत सैल बसेल असा एक लहान, शक्तिशाली निओडिमियम चुंबक आणा. आधी मुलांना चुंबक नळीला बाहेरून लावून पाहायला सांगा. तो चिकटत नाही. मग नळी उभी धरून चुंबक वरून सोडा. साधा खडा सोडताच खाली पडतो. चुंबक मात्र आत रेंगाळतो आणि वरून डोकावल्यास सावकाश उतरताना दिसतो. नळीच्या धातूतच गोल फिरणाऱ्या धारा उभ्या राहतात आणि त्या त्याच्या पडण्याला अटकाव करतात. या धारांना 'आवर्त धारा' किंवा 'भोवरा धारा' म्हणतात. मला दुसरा शब्द आवडतो, कारण त्यातला आकार लगेच दिसतो.

उत्तर (मडगाव)

सरांचा प्रेरणेचा मुद्दा मान्य आहे. 'प्रवर्तन' असू द्यावे. एक शंका मात्र उरते. स्वयंपाकघरातल्या इंडक्शन शेगडीत याच भोवरा धारा भांडे तापवत असतील, तर तांब्याचे भाण (पाणी तापवायचे भांडे) तिच्यावर का तापत नाही? तांबे तर लोखंडापेक्षा उत्तम वाहक आहे.

उत्तर (फोंडा)

उत्तम वाहक आहे म्हणूनच. उष्णता धारेला होणाऱ्या रोधातून निघते, आणि तांब्याचा रोध फार कमी. शेगडीतले क्षेत्र सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा पालटते. एवढ्या वारंवारतेला लोखंडात धारा भांड्याच्या बुडाच्या अगदी पातळ थरात कोंडली जाते, रोध वाढतो आणि बूड तापते. तांब्यात ती जास्त खोलवर पसरते आणि शेगडी 'भांडे नाही' असे समजून बंद होते. मातीच्या बुडकुल्यात तर धारा वाहतच नाही, त्यामुळे त्यातल्या हुमणासाठी (माशांच्या आमटीसाठी) गॅस किंवा चूलच लागते. आपल्याकडचे कोणते भांडे चालेल हे दुकानात विचारण्यापेक्षा घरातला चुंबक बुडाला लावून पाहावा. घट्ट चिकटला तर सहसा चालते.