शब्दचर्चा : ‘कोझी’ रहस्यकथेला आपण काय म्हणायचं?

पुस्तकखिडकी, खानापूर

एक शब्द हवा आहे. तो कपाटाच्या पट्टीवर लिहायचा आहे, म्हणून जरा विचार करून सांगा.

आमच्या वाचनालयात मी संध्याकाळची बसते. रहस्यकथांचं कपाट एकच. त्यात भयकथा, पोलीसकथा, जुन्या पातळ पॉकेटबुकांचे गठ्ठे आणि ज्यांना इंग्रजीत ‘कोझी मिस्टरी’ म्हणतात त्या गोष्टी, सगळं एका ठिकाणी कोंबलेलं. परवा आमच्या शाळेच्या एक निवृत्त बाई आल्या. छत्री असूनही पदर भिजलेला. म्हणाल्या, “खून असू दे की, पण रात्री झोप लागली पाहिजे असं काहीतरी दे.” मी पुस्तक काढून दिलं. त्या गेल्यावर लक्षात आलं, की बाईंनी एका वाक्यात या अख्ख्या प्रकाराची व्याख्या केली आणि माझ्याकडे त्याला नावच नव्हतं.

ज्यांनी वाचल्या नसतील त्यांच्यासाठी थोडं सांगते. गाव लहान असतं, माणसं एकमेकांना ओळखणारी. खून होतो, पण आडोशाला. रक्तामांसाचं वर्णन नाही. शोध लावणारं माणूस पोलिसातलं नसतं. बेकरीवाली असते, ग्रंथपाल असते, विणकाम करत बसलेली म्हातारी असते. शेवटी गुन्हेगार सापडतो आणि गाव परत आपल्या कामाला लागतं. अगाथा ख्रिस्तीबाईंची मिस मार्पल ही या घराण्यातली थोरली. तिची पहिली कादंबरी १९३० सालची.

‘कोझी’ शब्द मूळचा स्कॉटलंडकडचा. बाहेर गारठा असताना आत मिळतं ते सुख. चहाच्या किटलीवर घालायचं कापूस भरलेलं टोपडं, त्यालाही कोझीच म्हणतात. आतापर्यंत मी पट्टीवर ‘हलक्याफुलक्या रहस्यकथा’ लिहिलं होतं. ते मला खुपतं. आपल्याकडे हलकं म्हणजे कमी प्रतीचंसुद्धा. हलकी जमीन, हलकं धान्य. या गोष्टी तशा नाहीत.

निपाणीकर

‘उबदार रहस्यकथा’ लिहा. सोपा आहे, सगळ्यांना कळतो.

मागवाला, वडगाव

ताई, उबदारला माझी हरकत नाही, पण त्या शब्दाचं गणगोत बघून घ्या. कोंबडी अंडी उबवते, थंडीत उबारा शोधतात, इथपर्यंत सगळं गोड. पण ओल्या पोत्यात राहिलेलं पीठ उबतं आणि त्याला येतो तो उबट वास. जुलैत तुमच्या कपाटाचं दार उघडलं की तोच येत असणार. उबग या घरातला नव्हे, तो उद्वेगाकडून आलेला. पण कानाला शेजारीच वाटतो.

दुसरं म्हणजे उबदार स्वेटर, उबदार पांघरूण हे आपलं. ‘उबदार स्वागत’ आणि ‘उबदार कथा’ हे इंग्रजी बातमी समोर ठेवून लिहिलेलं. आमच्या आईनं कुणाचं उबदार स्वागत केलेलं नाही. ती ‘या बसा’ म्हणायची आणि आत चहा ठेवायला जायची.

तिसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. गुन्ह्याचा तपास आपण सुतातूनच बोलतो. धागेदोरे मिळाले म्हणतो, गुंता सुटला म्हणतो, सूत जुळत नाही म्हणतो. इंग्रजीतला ‘क्लू’ही मूळचा सुताचा गुंडा, ग्रीक गोष्टीतला तो वीर भूलभुलैयातून ज्याच्या आधारानं बाहेर आला तोच. आणि चोराचा माग काढणं. हा माग वाटेचा आणि आमच्या घरात खडखडणारा माग विणायचा. शब्द वेगळे असतील, पण लहानपणी मला ते एकच वाटायचे. वडील मागावर बसले म्हणजे कशाच्या तरी मागावरच आहेत, असं. माझं म्हणणं एवढंच, की तुमचा शब्द कापडातच कुठंतरी सापडेल.

येळ्ळूरची अक्का

मला शब्दाच्या आधी गोष्टीचीच अडचण आहे. माणूस मेलेला आहे आणि आपण त्याला उबदार म्हणायचं, सुखाचं म्हणायचं? आमच्या गल्लीत एक मरण असं झालं, की पुढं वर्षभर त्या दारासमोरून जाताना सगळे आवाज खाली करायचे. त्यातून गोष्ट झाली आणि ती कुणी चहाबरोबर वाचली, हे मला सोसणार नाही. शब्द कोणताही निवडा, तो हे झाकणारा नको.

पुस्तकखिडकी, खानापूर

अक्का, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. खरं आहे ते.

पण मला या गोष्टी का आवडतात ते सांगते. त्यात मेलेलं माणूस असंच मरून जात नाही. पेपरात आत कुठंतरी चार ओळी येऊन विषय संपला, असं होत नाही. अख्खं गाव विचारत राहतं, हा कोण होता, त्या दिवशी तो कुठं गेला होता, त्याच्याशी शेवटचं कोण बोललं. दूध घालणाऱ्यापासून चर्चमधल्या धर्मगुरूपर्यंत प्रत्येकाला त्याच्याबद्दल काहीतरी सांगावं लागतं. उत्तर सापडेपर्यंत कुणाला सुटका नाही. आणि उत्तर सापडतंच. बाईंना झोप लागते ती खून सौम्य असतो म्हणून लागत नसावी. हिशोब पुरा होणार, हा भरवसा पहिल्या पानापासून असतो म्हणून लागते.

मिस मार्पलची रीत बघा. तिच्याकडे भिंग नाही, रसायनं नाहीत. एखादा मोठा माणूस खोटं बोलतोय असं वाटलं, की तिला आपल्या गावातलं कुणीतरी आठवतं. अमक्या मुलाची नजर अशीच चुकायची, तमकी मोलकरीण अशीच जास्तीचं सांगायची. माणसांचे नमुने तिनं एका लहान गावात गोळा केलेत आणि तेवढ्यावर जगाचं भागतं. अशी एकेक आजी आपल्या प्रत्येक गल्लीत आहे. हाकेचा सूर बदलला तरी तिला कळतं कुणाच्या घरात काय झालंय. तिला चौकस म्हणा. भोचक म्हणू नका, भोचक माणसाला दुसऱ्याचं दुःख दिसत नाही.

या गल्लीतल्या आजीचा एक ठरलेला शब्दप्रयोग असतो, कुठंतरी पाणी मुरतंय. खानापुराकडच्या पावसात राहिलेल्याला त्याचा अर्थ डोळ्यांनी दिसतो. आमच्या मधल्या खोलीच्या भिंतीवर खाली, जात्याजवळ ओल यायची. तिथं कितीदा लिंपलं तरी ओल तशीच. शेवटी आजीनं कौलांवर माणूस चढवला. कौल फुटलं होतं ते चुलीच्या वर, त्या ओलीपासून चांगलं दोन पुरुष लांब. पाणी वाशावरून घरंगळत येऊन भिंतीत उतरत होतं. डाग दिसतो तिथं पाणी शिरलेलं नसतं. या गोष्टींची सगळी रचना या एका वाक्प्रचारात आहे, असं मला वाटतं.

दोन्हीकडचा, टिळकवाडी

मी कन्नडही वाचतो, म्हणून थोडी भर घालतो. मराठी आणि कन्नड दोघीही नॉव्हेलला ‘कादंबरी’च म्हणतात. बाणभट्टाच्या नायिकेचं नाव दोघींनी अख्ख्या प्रकाराला देऊन टाकलं. हिंदी, बंगालीनं ‘उपन्यास’ घेतला. कन्नडमध्ये मात्र उपन्यास म्हणजे व्याख्यान आणि उपन्यासक म्हणजे कॉलेजातला व्याख्याता. उत्तरेकडून बदलून आलेला माझा एक सहकारी इथल्या कॉलेजातल्या पाट्या वाचून हरखला होता, की इथं खोलीखोलीत कादंबरीकार बसतात.

डिटेक्टिव्ह कादंबरीला कन्नडमध्ये म्हणतात ‘पत्तेदारी कादंबरी’. आपला पत्ता लागणे, पत्ता काढणे यातलाच पत्ता. मला हा शब्द रहस्यकथेपेक्षा प्रामाणिक वाटतो. रहस्यकथा म्हटलं की झाकलेल्यावर भर येतो, पत्तेदारी म्हटलं की शोधण्यावर. तिकडे एन. नरसिंहय्यांनी अशा कादंबऱ्या शेकड्यांनी लिहिल्या आणि त्या वाचता वाचता कितीतरी लोकांना वाचायची गोडी लागली.

आणि ऊब. कन्नडमध्ये ‘बेच्चगे’. अंगाला वाटते ती आणि मनाला वाटते तीही. लहानपणी शेजारच्या अज्जींच्या घरी झोपलो, की त्या पायावर कौदी ओढून म्हणायच्या, बेच्चगे मलको, म्हणजे उबेत झोप. कौदी म्हणजे आपली वाकळच. मागवाले कापडात शोधा म्हणाले, तेव्हापासून माझ्या डोक्यात तीच घोळते आहे.

निपाणीकर

वाकळ चांगलं आहे, पण पुण्यामुंबईच्या वाचकाला गोधडी कळते, वाकळ कळणार नाही.

आणखी एक. आपल्या बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, त्या याच प्रकारात धरायच्या ना? इतकं लिहिणाऱ्याला ‘बहुप्रसवा लेखक’ म्हणायचं का ‘सिद्धहस्त’?

पुस्तकखिडकी, खानापूर

अर्नाळकर वेगळ्या फळीवर. त्यांचा झुंजार वेषांतर करतो, पाठलाग करतो, जिवावर उदार होतो. पावसात चिंब होऊन मारामारी करणारा नायक आहे तो. आमच्या मामांनी त्या पुस्तिका बसच्या टपावर बसून वाचल्या, थरारासाठी. पुस्तक पातळ, किंमत कमी, वाचणारे तेच, म्हणून प्रकार एक होत नाही.

सिद्धहस्त म्हणजे कसलेला हात. ज्यानं दोनच पुस्तकं लिहिली तोही सिद्धहस्त असू शकतो. पेपरवाले भरपूर लिहिणाऱ्याला तो शब्द चिकटवतात ते चूक. बहुप्रसवा हे लेखणीचं विशेषण, स्त्रीलिंगी. ‘बहुप्रसवा लेखक’ हे व्याकरणातही बसत नाही आणि कानालाही बरं वाटत नाही. नुसतं ‘विपुल लिहिणारा’ म्हटलं तरी पुरे.

पण मला खरा शब्द रतीब वाटतो. त्यांनी गोष्टींचा रतीब घातला. काही जण हे टीका म्हणून म्हणतात, मी म्हणत नाही. रतिबाचं दूध कालच्यासारखंच लागतं अशी तक्रार कुणी करत नाही, तसंच लागावं म्हणून तर रतीब लावलेला. तक्रार होते ती पाणी घातल्यावर, आणि पाणी घातलेलं पहिल्या घोटाला कळतं. ख्रिस्तीबाईंनी ६६ रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. त्यातल्या मार्पलच्या फक्त १२. हात किती आखडता घेतला होता बघा. अमेरिकेत लिलियन जॅक्सन ब्रॉन यांनी १९६६ ते १९६८ या काळात मांजरं असलेल्या एका पत्रकाराच्या तीन रहस्यकादंबऱ्या लिहिल्या, मग थेट १९८६ मध्ये चौथी आली. पुढं ही मालिका २९ पुस्तकांवर गेली. मधे १८ वर्षं रतीब बंद होता, आणि परत सुरू झाल्यावर लोकांनी भांडं पुढं केलं. लेखक भराभर लिहितो एवढ्यानं हे होत नाही. त्या गावात परत जावंसं वाटायला लागतं.

आता वाकळ. काल रात्री मी आमची जुनी वाकळ मुद्दाम उजेडात पसरून बघितली. आजीनं शिवलेली. मधोमध तिच्याच इरकली लुगड्याचा तुकडा, काठ अजून लालसर. त्याच्या बाजूला माझा शाळेचा निळा फ्रॉक. आतल्या थराला आबांचं धोतर, एका टोकाला विरून पांढरं दिसतं. एक हिरवा चौकोन कुणाचा ते मला माहीत नव्हतं. आईला विचारलं, तर म्हणाली, थोरल्या आत्याच्या डोहाळजेवणाचं पातळ. ही आत्या मी बघितलेली नाही. ती बाळंतपणात गेली. घरात तिचं नाव फारसं कुणी काढत नाही, पण तिचा चौकोन आम्ही सगळ्यांनी अंगावर घेतलाय, आठळ्या भाजून खात त्या वाकळेखाली बसून पुस्तकं वाचलीयत.

अक्का, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथं आहे. वाकळेत मेलेल्या माणसाचं कापड असतंच. ते झाकलेलं नसतं, धावदोऱ्यानं बाकीच्यांशी जोडलेलं असतं. आणि दरवेळी नवीन वाकळ शिवली तरी तुकडे ओळखीचेच असतात, हेही या मालिकांना लागू आहे.

म्हणून पट्टीवर लिहायचं ठरवलंय: ‘वाकळेतल्या रहस्यकथा’.

मागवाला, वडगाव

ठरलं. पुण्याला कळणार नाही म्हणून काय झालं, कपाट खानापुरात आहे की. विचारतील त्यांना सांगू.

फक्त ‘वाकळीतल्या’ लिहू नका. वेळ, वेळा, वेळेत. तसं वाकळ, वाकळा, वाकळेत. बोलताना आपण वाकळंत म्हणतो, पण पट्टीवर वाकळेतल्या बरोबर.

निपाणीकर

बरं. मग ‘वाकळकथा’ असा सुटसुटीत समास का नको?

पुस्तकखिडकी, खानापूर

तो वाकळेची कथा असा लागतो. रहस्य गळून पडतं. बाईंनी खून हवा म्हणून स्पष्ट सांगितलंय.

येळ्ळूरची अक्का

पुढच्या रविवारी माहेरी खानापूरला येणार आहे. मार्पलचं एक बाजूला काढून ठेव, पहिलंच असलं तर बरं. वाचून मग सांगते, शब्द पटला का ते. आणि कुणी केलं ते आधी सांगू नको.