शब्दचर्चा: ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ला मराठीत काय म्हणावं? आणि ‘शेअर’ करणाऱ्या गावाला?

अबोली
सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत आल्या आहेत. लेक सप्टेंबरपासून नववीत, प्रिन्स्टन हायस्कूलला जाणार. त्यांनी विचारलं, “प्रिन्स्टनला का? घर तर क्रॅनबरीत आहे ना?” मी म्हटलं, “आमचं गाव प्रिन्स्टनच्या स्कूल डिस्ट्रिक्टशी जोडलेलं आहे.” त्यावर त्या म्हणाल्या, “डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा. मग प्रिन्स्टन तुमच्या जिल्ह्याचं ठिकाण आहे होय?”

तसं नाही, हे सांगताना मला मराठी शब्दच सापडेनात. न्यू जर्सीत आपल्या जिल्ह्याच्या जागी काउंटी असते. क्रॅनबरी मिडलसेक्स काउंटीत आणि प्रिन्स्टन मर्सर काउंटीत. म्हणजे जिल्हेही वेगळे. दोन्ही गावांची शीवसुद्धा लागत नाही, मध्ये प्लेन्सबरो आणि वेस्ट विंडसर आहेत. तरी क्रॅनबरीची मुलं नववी ते बारावी प्रिन्स्टनला जातात. आठवीपर्यंत गावाची स्वतःची शाळा आहे. गावच जेमतेम 4 हजार वस्तीचं, तेवढ्यासाठी वेगळं हायस्कूल परवडणार नाही.

शेवटी घरपट्टीचं बिल काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांच्यापुढे ठेवलं. काउंटीचा आकडा वेगळा, टाउनशिपचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, वेगळा, शाळेचा वेगळा. शाळेच्या आकड्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “हा तर सगळ्यांत मोठा!” तेव्हा कुठे त्यांना पटलं की शाळेचा कारभार नगरपालिकेच्या पोटातला नाही, वेगळाच आहे.

नवीन आलेल्या मराठी कुटुंबांसाठी एक माहितीपत्रक लिहिते आहे. वर्तमानपत्रांत ‘शालेय जिल्हा’ वाचलंय, पण तो शब्द लिहायला हात होत नाही. दुसरा प्रश्न ‘शेअर’चा. ‘क्रॅनबरी आणि प्रिन्स्टन स्कूल डिस्ट्रिक्ट शेअर करतात’ हे मराठीत कसं सांगायचं?

भाषांतरवाली
‘शालेय जिल्हा’ मीही खोडत आले आहे. ‘जिल्हा’ अरबीतल्या ‘ज़िलअ’वरून आला. मूळ अर्थ बरगडी, बाजू. पण मराठी कानाला त्यात कलेक्टर कचेरी, एसपी, झेंडावंदन, जिल्ह्याचं ठिकाण हे सगळं ऐकू येतं. अमेरिकेतल्या डिस्ट्रिक्टला यातलं काही नाही. शाळा चालवणं एवढंच त्याचं काम, आणि त्यासाठी त्याची स्वतःची हद्द, निवडून आलेलं मंडळ, अंदाजपत्रक. पाण्याचे, अग्निशमनाचेही असे डिस्ट्रिक्ट तिकडे असतात. तेव्हा ‘जिल्हा’ नकोच.

आणि सगळीकडे मापही एक नाही. देशभरात असे सुमारे 13 हजार डिस्ट्रिक्ट आहेत. हवाईत अख्ख्या राज्याचा एकच, मेरीलँडमध्ये काउंटीगणिक एक, आणि न्यू जर्सीत गावागावाला. ‘जिल्हा’ म्हटलं की वाचक मनात एक ठरावीक आकार धरतो आणि तिथेच फसतो.

माझी सूचना: शाळाहद्द.

सनीवेलकर
‘शाळाहद्द’ कानाला गोड आहे, पण तो शब्द दुसऱ्या कामासाठी राखून ठेवू या. एकाच डिस्ट्रिक्टमध्ये कुठल्या गल्लीतलं मूल कुठल्या शाळेत जाईल याच्याही रेषा असतात. घर बघताना आम्ही रोज बोलतो ते त्याबद्दल: “हे घर अमक्या हायस्कूलच्या हद्दीत येतं का?” तिथे ‘हद्द’ चपखल बसतो.

नावांचा गोंधळ आमच्याकडे, कॅलिफोर्नियात, आणखी आहे. माझा मुलगा ‘फ्रीमॉन्ट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट’मध्ये शिकतो. या डिस्ट्रिक्टचा फ्रीमॉन्ट शहराशी काही संबंध नाही. फ्रीमॉन्ट खाडीपलीकडे, त्याचा डिस्ट्रिक्ट ‘फ्रीमॉन्ट युनिफाइड’. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये कूपर्टिनो आणि बहुतेक सनीवेल येतं, शिवाय सॅन होजे, लॉस अल्टोस, सॅराटोगा, सँटा क्लारा यांचे तुकडे. फ्रीमॉन्टमध्ये घर घेतलेल्या एका मित्राला वाटलं होतं की मुलगी आमच्या मुलाच्या शाळेत येईल.

‘युनियन’ म्हणजे खालच्या इयत्तांच्या अनेक डिस्ट्रिक्टांवर मिळून एक हायस्कूल डिस्ट्रिक्ट. ‘युनिफाइड’ म्हणजे बालवाडीपासून बारावीपर्यंत एकाच छत्राखाली. मराठीत ‘युनियन’ म्हटलं की कामगारांची युनियन आठवते, म्हणून भाषांतरात पहिल्याला ‘संयुक्त’ आणि दुसऱ्याला ‘एकसंध’ म्हणावं असं मला वाटतं.

निवृत्त केंद्रप्रमुख
अबोलीताई, शब्द आपल्या घरातच आहे. माझे वडील सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. ते कधी ‘सरकारी शाळा’ म्हणाले नाहीत, ‘बोर्डाची शाळा’ म्हणत. मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम 1947 चा, त्याखाली जिल्ह्याजिल्ह्याला स्कूल बोर्डं होती. मोठ्या नगरपालिकांचीही वेगळी होती. शिक्षकाची नेमणूक, बदली, पगार, सगळं बोर्डाकडे. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. लोकांच्या तोंडी मात्र ‘बोर्डाची शाळा’ पुढे कितीतरी वर्षं टिकली. आमच्या वाडीत म्हातारी माणसं अजून म्हणतात.

तेव्हा ‘प्रिन्स्टन शाळा बोर्ड’ म्हणा, किंवा ‘प्रिन्स्टन बोर्डाची शाळा’. तुमच्या सासूबाईंना एका वाक्यात कळेल.

भाषांतरवाली
सर, वडिलांच्या पिढीला कळेल हे खरंच. पण आज ‘बोर्ड’ म्हटलं की दहावी-बारावीचं बोर्ड. “कुठल्या बोर्डाची शाळा?” याचं आज उत्तर येतं स्टेट, सीबीएसई नाहीतर आयसीएसई. आपल्या राज्य मंडळाची 9 विभागीय मंडळं आहेत आणि त्यांचं काम परीक्षा घेणं. प्रिन्स्टनचं बोर्ड प्रिन्स्टनची परीक्षा घेतं असं कुणी समजलं तर?

निवृत्त केंद्रप्रमुख
म्हणून ‘शाळा’ हा शब्द आधी लावायचा. ‘शाळा बोर्ड’ म्हटल्यावर परीक्षेचं बोर्ड डोळ्यांपुढे येत नाही. नुसतं ‘बोर्ड’ लिहू नये, हे मान्य.

‘पब्लिक स्कूल’ही जपून वापरा. आपल्याकडे नावात ‘पब्लिक स्कूल’ असलेली शाळा बहुधा खाजगी आणि महागडी असते. अमेरिकेतली ‘पब्लिक स्कूल’ घरपट्टी आणि सरकारच्या पैशावर चालते, पालकांकडून फी घेत नाही. ‘सार्वजनिक शाळा’ लिहा.

प्लेन्सबरोची
मी मधल्या गावातली. क्रॅनबरीच्या मुलांची बस आमच्या भागातून जाते. ‘शेअर’बद्दल बोलते, कारण आम्हीही शेअर करतो, पण वेगळ्या रीतीनं. आमचा ‘वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो रीजनल स्कूल डिस्ट्रिक्ट’ आहे. दोन टाउनशिपा, त्याही दोन वेगळ्या काउंट्यांत, आणि बोर्ड एक. नावात दोघांची नावं, बोर्डावर लोकसंख्येच्या प्रमाणात दोन्ही गावांचे सभासद, दोन हायस्कुलं, एक इकडे आणि एक तिकडे. याला मी सरळ ‘सामाईक’ म्हणते. सामाईक विहीर, सामाईक बांध म्हणतो तसं. दोघांचा हिस्सा आणि दोघांचा हक्क.

क्रॅनबरीचं तसं आहे का?

अबोली
नाही! तुमच्या प्रश्नामुळेच उलगडलं. क्रॅनबरीचा स्वतःचा डिस्ट्रिक्ट आहे, आठवीपर्यंतचा. पुढच्या मुलांसाठी क्रॅनबरीचं बोर्ड प्रिन्स्टनच्या बोर्डाला दर मुलामागे पैसे देतं. कायद्याच्या भाषेत क्रॅनबरी ‘पाठवणारा’ आणि प्रिन्स्टन ‘स्वीकारणारा’ डिस्ट्रिक्ट. प्रिन्स्टनच्या बोर्डावर क्रॅनबरीचा एक प्रतिनिधी बसतो, पण त्याला ठरावीक विषयांवरच मत देता येतं. उद्या क्रॅनबरीला हा संबंध तोडावासा वाटला, तर राज्याच्या शिक्षण आयुक्तांची परवानगी लागेल. म्हणजे विहीर प्रिन्स्टनची, आम्ही मोजून पाणी घेतो. ‘सामाईक’ लिहिलं तर ते खोटं होईल.

निवृत्त केंद्रप्रमुख
मग दोन शब्द वेगळे ठेवा. प्लेन्सबरोताईंचं ते सामाईक शाळा बोर्ड. आपल्या गट ग्रामपंचायतीसारखं: चार वाड्यांची मिळून एक ग्रामपंचायत, प्रत्येक वाडीचा सदस्य. क्रॅनबरी हे जोडलेलं गाव.

माझ्या केंद्रात चौथीपर्यंतच्या बऱ्याच शाळा होत्या. चौथी झाली की वाडीतली मुलं मोठ्या गावातल्या शाळेत. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की चार-चार दिवस गैरहजर. तेव्हा हजेरीपटावर मी एक गोष्ट शिकलो: मूल कुठल्या पटावर आहे आणि कुठल्या गावचं आहे, हे दोन्ही लिहून ठेवायचं. एकच लिहिलं की ते मूल कुणाचंच राहत नाही. वाडी म्हणते ते आता गावच्या शाळेचं, गाव म्हणतं ते वाडीचं. ओढ्यावर साकव कुणी बांधायचा, यावर 6 वर्षं गेली.

म्हणून ‘शेअर करतात’ असं पोकळ क्रियापद वापरू नका. कुणाचं मूल, कुणाच्या पटावर, कुणाच्या खर्चानं, हे तिन्ही वाक्यात येऊ द्या.

सनीवेलकर
‘जोडलेलं गाव’वरून आठवलं. ‘तालुका’ ज्या अरबी शब्दावरून आला, ‘तअल्लुक’, त्याचा अर्थच संबंध, जोडलेलं असणं. शब्दाच्या मुळाकडे पाहिलं तर क्रॅनबरी प्रिन्स्टनचा तालुका! वापरायचा नाही, पण मला फार आवडलं.

भाषांतरवाली
मी ‘शाळाहद्द’ मागे घेते, सनीवेलकर म्हणतात त्या रेषांसाठी राहू दे. ‘शाळा बोर्ड’लाही माझी हरकत नाही. फक्त पहिल्यांदा येईल तिथे ‘शाळा बोर्ड, म्हणजे इथला स्कूल डिस्ट्रिक्ट’ असं एकदा लिहा. बिलावर आणि शाळेच्या पत्रांवर लोकांना ‘डिस्ट्रिक्ट’च दिसणार, तो शब्द लपवून चालणार नाही.

अबोली
सगळ्यांचे मनापासून आभार. माहितीपत्रकात असं लिहिलं आहे:

“क्रॅनबरीचं स्वतःचं शाळा बोर्ड (म्हणजे इथला स्कूल डिस्ट्रिक्ट) आहे आणि आठवीपर्यंतची शाळा गावातच आहे. नववीपासून गावची मुलं प्रिन्स्टन शाळा बोर्डाच्या हायस्कूलच्या पटावर जातात. त्यांचा खर्च क्रॅनबरीचं बोर्ड आपल्या घरपट्टीतून भरतं. पालकांना फी नाही. शेजारच्या वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरो या गावांचं मात्र एकच सामाईक शाळा बोर्ड आहे. घर घेताना पत्त्यातलं गावाचं नाव पाहून थांबू नका, घर कुठल्या शाळा बोर्डात येतं ते टाउनशिपच्या कचेरीत विचारा.”

सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘पटावर’ या शब्दाला त्यांनी मान हलवली. मग विचारलं, “बस घरून किती वाजता निघणार?”