मदत हवी आहे: बाबांच्या आयसीडीचा घरचा मॉनिटर बंद ठेवला तर चालेल का?

नमस्कार मंडळी,

माझ्या वडिलांना (वय ७२) छातीत आयसीडी (हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडले तर शॉक देणारं यंत्र) बसवलंय. उशाशी मॉनिटर असतो, तो रात्री यंत्रातली माहिती वायरलेसने घेऊन हॉस्पिटलला पाठवतो. ‘हृदयातलं यंत्र हॅक होतं’ असा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर आला आणि तेव्हापासून बाबा झोपताना मॉनिटरची पिनच काढून ठेवतात. आईने परत लावली की उठून पुन्हा काढतात! क्लिनिकमध्ये विचारलं तर “असं काही नसतं” म्हणाले.

पण असं असतं, म्हणूनच बाबांना काय सांगावं कळत नाही. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत एका आयसीडीची सेटिंग्ज रेडिओवरून बदलून दाखवली होती, अगदी जवळून. मार्च २०१९ मध्ये मेडट्रॉनिक कंपनीच्या यंत्रांतल्या कॉनेक्सस या वायरलेस यंत्रणेत एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक रूपात पाठवणं) नाही, समोरचा कोण हे तपासायची सोयही नाही, असं जाहीर झालं. तरी एफडीएचा (अमेरिकेची औषधं-उपकरणं नियंत्रण संस्था) सल्ला मॉनिटर वापरत राहा असाच होता. मलाही तेच पटतं, पण बाबांना पटेल असं कारण हवंय.

दुसरं, फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट. २०१७ मध्ये ॲबट कंपनीच्या पेसमेकरसाठी आलेलं अपडेट घरबसल्या होत नव्हतं. दवाखान्यात छातीवर वाँड (यंत्राशी संपर्क साधायचं हातातलं उपकरण) ठेवून साधारण ३ मिनिटं, आणि तेवढा वेळ पेसमेकर बॅकअप मोडमध्ये मिनिटाला ६७ ठोक्यांवर. बाबांच्या यंत्राचं असं काही बाकी आहे का, हे कुणाला विचारायचं? कृपया जाणकारांनी सांगा, फार काळजी वाटतेय.

प्रतिसाद:

दादा, मी डिव्हाइस क्लिनिकमध्ये काम करते. काकांना एवढंच सांगा, की पिन काढल्याने छातीतल्या यंत्राचा रेडिओ बंद होत नाही. बंद होते ती फक्त आपल्याकडे येणारी खबर. लीड (यंत्रातून हृदयात जाणारी वायर) खराब झाली किंवा रात्री शॉक बसला, तर ते आम्हाला मॉनिटरवरूनच लवकर कळतं. मॉनिटर मात्र हॉस्पिटलने किंवा कंपनीने दिलेलाच वापरा, जुना कुणाकडून घेऊ नका, त्याला दुसरं काही जोडू नका.

अपडेटचं म्हणाल तर इम्प्लांट कार्डावर मॉडेल आणि सिरीयल नंबर असतो. पुढच्या चेकअपला कंपनीचा माणूस प्रोग्रामर (यंत्र तपासायचं, सेटिंग्ज बदलायचं उपकरण) घेऊन येईल, त्याला कार्ड दाखवून थेट विचारा, “या मॉडेलला सुरक्षेची सूचना निघालीय का, अपडेट झालंय का?” उत्तर फाइलवर लिहून घ्या. काका पेसिंगवर (यंत्राने दिलेल्या ठोक्यांवर) अवलंबून असतील तर अपडेट करायचं की थांबायचं, हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.