फेरारीची टीम आधी मोटरसायकल पळवायची? खरंय का बे?

सातरस्ता_२२:
काल रात्री चहाच्या गाड्यावर विषय निघाला तर आमचा एक दोस्त म्हणतो फेरारी सुरवातीला बाईकच्या रेसमध्ये पण होती. मी म्हटलं काय पण फेकतो बे, तर शेंगापोळीची पैज लागली. कुणाला पक्कं माहितीय का?

जुना_येझदीवाला:
शेंगापोळ्या बांधून ठेवा, दोस्त जिंकला. पण बाईक फेरारीनं बनवली नव्हती, विकत घेतलेल्या पळवल्या. तसं तर तेव्हा कार पण स्वतःची कुठं होती, एन्झो फेरारीनं १९२९ ला इटलीत मोडेनात स्कुदेरिया (म्हणजे रेसिंग टीम) काढली ती अल्फा रोमिओच्या गाड्या पळवायला, मग १९३२ ला त्यातच मोटरसायकलची टीम सुरू केली, बाईक इंग्लंडच्या, कॉव्हेंट्रीच्या रज कंपनीच्या, आणि पुढं नॉर्टन पण. १९३४ पर्यंत चाललं हे सगळं.

सातरस्ता_२२:
मेलो. पण इंग्लंडच्या कशाला ओ? इटलीत गुझ्झी, बियांकी होत्या की.

होटगीरोड_गॅरेज:
गुझ्झी, बियांकीच्या स्वतःच्या टीम होत्या, चांगलं इंजिन दुसऱ्याला कोण देतंय. आणि रज म्हणजे साधी गाडी नव्हे भाऊ, १९२४ पासून एका सिलिंडरला चार व्हॉल्व! आज पोरं पल्सर एनएस घेऊन येतात आणि मलाच सांगतात फोर व्हॉल्व आहे काका म्हणून, हसू येतं. १९३० ला आईल ऑफ मॅन टीटीत (तिथली मोठी बाईक रेस) ज्युनियर म्हणजे ३५० सीसी आणि सिनियर म्हणजे ५०० सीसी दोन्ही रेस रजनंच मारल्या, ज्युनियरला तर पहिले तिन्ही नंबर. मग फेरारी तेच घेणार ना.

जुना_येझदीवाला:
बरोबर. आणि माझ्या मते खरा फायदा रायडरचा होता, बाईकवरचे पुढं कार पण पळवायचे. फेरारीचा ड्रायव्हर नुव्होलारी बियांकीवरनं कारमध्ये आलेला, तारुफी तर १९३२ ला नॉर्टनवर ५०० सीसीचा युरोपियन चॅम्पियन, आणि त्यानंच १९५७ ला फेरारी कार घेऊन मिले मिलिया ही इटलीतली रोड रेस जिंकली. आल्ड्रिगेट्टी फेरारीकडं रज चालवायचा, पुढं गिलेराच्या बाईकवर गेला, बिचारा १९३९ ला पेस्काराला अल्फा कारच्या प्रॅक्टिसमध्ये अपघातात मेला. बंद का केलं म्हणाल तर १९३३ ला अल्फानं स्वतःची टीम रेसमधनं काढून घेतली आणि सगळा भार फेरारीवर, त्यात १९३४ ला मर्सिडीज आणि ऑटो युनियन ह्या जर्मन टीम आल्या, मग बाईककडं बघायला वेळ कुणाला.

सातरस्ता_२२:
दोस्ताला दाखवलं. आता म्हणतोय पोळ्यांवर तूप पण पाहिजे.