मदत हवी आहे: उत्क्रांती शिकवतो म्हणून पालक नाराज, मीटिंगमध्ये काय बोलू?

नागपुरात सीबीएसईच्या दहावीला सायन्स शिकवतो. २०२३ ला एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली, धडा उरला नुसता आनुवंशिकतेचा, पण मी दोन तास वेगळे काढून शिकवतोच, कारण अकरावीत बायोलॉजी न घेणाऱ्या पोरांना डार्विन मग वर्गात भेटतच नाही, आणि हे मला खरंच फार खुपतं. आता तीन-चार पालक म्हणून राहिले की हे आमच्या श्रद्धेविरुद्ध आहे, सिलॅबसमध्ये नाही तर शिकवता काहून?

घटनेतलं कलम ५१क, वैज्ञानिक दृष्टिकोनाचं, दाखवून झालं. ते म्हणाले ते नागरिकांचं कर्तव्य, शाळेचं नाही. पोरांना रमण विज्ञान केंद्रात डायनासोर दाखवून आणले, पोरं खूश पण पालक तिथेच. वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला डायनासोरचे जीवाश्म सापडलेत हे सांगितलं तेव्हा मात्र दोघं शांतपणे ऐकत होते.

मुख्याध्यापक माझ्या बाजूने आहेत पण वाद नको म्हणतात. देव आहे की नाही यावर मला बोलायचंच नाही, तो त्यांचा प्रश्न. शनिवारी मीटिंग आहे, दहाच मिनिटं मिळतील, मराठी-हिंदीत बोलायचंय. ज्यांनी असे पालक सांभाळलेत त्यांनी सांगा, श्रद्धा न दुखावता सुरुवात कुठून केली, आणि विदर्भातलंच अजून एखादं उदाहरण आहे का?