मॅचिंग सेंटरसाठी गाळा: पाथर्डी फाटा की पवननगर?

सुईदोरा:
नमस्कार मंडळी. नऊ वर्षं नाशिकला सिडकोतल्या घरातूनच फॉल-पिको करतेय. हळूहळू अस्तर, ब्लाउजचं टू बाय टू कापड, लेस, हुक ठेवायला लागले आणि आता दिवाणावर बसायलाही जागा उरली नाही. सासूबाई म्हणतात, या घरात एक तर मी राहीन नाही तर तुझे तागे. म्हणून गाळा बघतेय.

पहिला पाथर्डी फाट्याजवळ, नव्या कॉम्प्लेक्समध्ये. एजंट २०० चौरस फूट सांगतो, भाडं १८ हजार, डिपॉझिट १ लाख. समोर मोठा रस्ता, वर्दळ भरपूर. दुसरा पवननगरला, भाजीबाजाराजवळ पण आतल्या गल्लीत. ११ बाय १०, भाडं १३ हजार. गल्लीत चार लेडीज टेलर आहेत. मिस्टर म्हणतात मोठाच घे, सारखं हलायला नको. एजंट रोज फोन करतो, "ताई, २०२७ चा कुंभ आला, नंतर या भावात मिळायचं नाही." सराफ बाजाराच्या खालच्या अंगालाही एक जागा सांगितलीय. काय करू?

गंगाकाठ:
सराफ बाजाराकडची आधी यादीतून काढा. आमचं दुकान तिकडेच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर येऊन काठावरचा दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला तेव्हा काय पळापळ झाली ते विचारू नका. भांडीवाल्याची भांडी धुऊन निघतात, अस्तराच्या ताग्याचं काय करणार?
आणि कुंभाचं म्हणाल, तर रामकुंडावर डुबकी मारून कोण फॉल लावायला पाथर्डी फाट्याला येणार आहे?

बटणवाली:
ताई, माझं मॅचिंग सेंटर नाशिकरोडला, सतरा वर्षं झाली. आपल्या धंद्यात आकाराआधी उजेड बघा. बाई ब्लाउजपीस घेऊन येते, आपण ट्यूबखाली आमसुली अस्तर दाखवतो, ती घरी जाऊन बघते तर वांगी! सुरुवातीला माझा गाळा ८ बाय २२ होता, नुसता बोळ. रंग बघायला प्रत्येक बाई तागा धरून पायरीवर जायची. पायरीवर दोघी उभ्या राहिल्या की तिसरी रस्त्यावरूनच पुढे जायची. मागच्या दहा फुटांत फक्त न खपलेला माल साठला. जागा दिसली की आपण भरतोच हो, आणि लेसची फॅशन सहा महिन्यांत बदलते. म्हणून तोंड रुंद असलेला उथळ गाळा आपल्याला बरा. पवननगरच्या गाळ्याचं तोंड ११ फुटी आहे की १०, ते बघा.

तोंड पश्चिमेला मात्र नको. दुपारनंतरचं ऊन आत आलं की दर्शनी ताग्यांच्या घडीवर पांढरट पट्टा पडतो. माझी राणी रंगाची अख्खी रांग अशी गेली.

वर्दळीला भुलू नका. मोठ्या रस्त्याने माणसं जातात, थांबत नाहीत. आपली गिऱ्हाईक टेलरकडून येते, "अस्तर आणून दे गं" म्हटल्यावर. ती चालत कुठे जाईल? शिवाय फॉलची साडी टाकायला एकदा आणि न्यायला एकदा, असे दोन हेलपाटे तिला पडतात. भाजी घेता घेता ते होऊन जातात. माझा हिशोब साधा आहे, भाडं चार दिवसांच्या गल्ल्यातून निघायला हवं. निघत नसेल तर तो गाळा आपला नाही.

आणि स्वतः टेप घेऊन जा.

भाडेकरू_३:
अकरा महिन्यांचा करार करू नका. दुकान बसलं की बाराव्या महिन्यात मालक मन मानेल ते भाडं मागतो, माझ्याकडून दीडपट घेतलं. निदान तीन वर्षांचा करार, दरवर्षीची वाढ त्यातच लिहून, आणि रजिस्टर केलेला. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो रजिस्टर करायची जबाबदारी मालकावरच आहे, त्यामुळे "नंतर बघू" ऐकू नका.

सुईदोरा:
शनिवारी टेप आणि आमसुली ब्लाउजपीस, दोन्ही घेऊन गेले. एजंटला वाटलं मी साडी घ्यायला चाललेय.

पाथर्डी फाट्याचा गाळा आतून साडेनऊ बाय चौदा निघाला, म्हणजे १३३ फूट. बाकीचे ६७ जिन्यात आणि पॅसेजमध्ये म्हणे. फुटाला ९० रुपये सांगत होता, पडतात १३५. साडेचारला ऊन थेट मागच्या भिंतीपर्यंत. आणि मध्ये दुभाजक, पलीकडच्या सोसायटीतून यायचं तर ॲक्टिव्हा पार पुढून वळवून आणावी लागते.

पवननगरचा उत्तरेला उघडतो, तोंड ११ फुटी. काउंटरच्या जागी उभी राहून रंग बघितला, आमसुली तो आमसुलीच दिसला. चारपैकी दोन टेलर म्हणाले, आमच्या बायकांना अस्तरासाठी मेन रोडला जावं लागतं, तुम्ही या. मालक तीन वर्षांना तयार आहे, वाढीच्या आकड्यावर अडलंय.

बटणवाली ताई, उंची बारा फूट आहे. पोटमाळा काढायला मालकाची हरकत नाही. पण पिकोचं मशीन खाली ठेवलं तर शिडी लावायला जागा राहत नाही. तुम्ही कुठे लावता?

बटणवाली:
भिंतीला टेकून सरळ उभी, हुकांत अडकवायची लोखंडी. लागेल तेव्हाच काढायची. मशीन दाराशी ठेवा, सुईत दोरा ओवायलाही उजेड लागतोच.